निळ्या भाताचा शनिवार

"सर, निळ्या रंगाचं खायला काहीच का नसतं?"

प्रश्न माझ्याच डोक्यातला, पण विचारायला भाग पाडलं प्राजू आणि रिहानानं. पैज अशी होती की मी भर वर्गात उभं राहून विचारलं, तर आठवडाभर माझी वर्ग झाडायची पाळी त्या दोघी करणार. मी उठणार नाही याची त्यांना खात्री होती. सातवीपर्यंत वर्गानं माझा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. पण आठवीत गेल्यापासून मला काय झालं होतं कुणास ठाऊक, आत सारखं काहीतरी उड्या मारत असायचं. मी उठले आणि विचारलं.

आता मी दहावीत आहे. एसटीनं हायस्कूलला जाते, वक्तृत्वाच्या दोन ढाली टीव्हीच्या वर ठेवल्यात. तरी त्या प्रश्नासाठी उभी राहिले होते ते अजून विसरता येत नाही.

चौगुले सरांनी खडू खाली ठेवला. प्रश्न आवडला की ते खडू खाली ठेवायचे. म्हणाले, तुम्हीच सांगा, निळं काय काय खाता. कुणी जांभूळ म्हणालं. सर म्हणाले, चुरगाळून बघ, हाताला कसला रंग येतो? जांभळा. वांगं झालं, काळी द्राक्षं झाली, करवंदं झाली, सगळी जांभळ्यात नाहीतर काळ्यात गेली. मग मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "मोरचूद," आणि सगळा वर्ग हसून लोळला.

आमच्या गावात हा विनोद लहान पोरालाही कळतो. तासगावच्या बाजूचं द्राक्षाचं गाव आमचं. छाटणीच्या दिवसांत घराघरात मोरचुदाची पोती येतात, ते खडे पाण्यात विरघळवून, चुना घालून बागेवर फवारतात. दिसायला इतकं सुंदर निळं की खडीसाखरच वाटावी. म्हणून पोर रांगायला लागलं की त्याला पहिली गोष्ट शिकवतात, निळं दिसलं की हात लावायचा नाही. फवारून आलेल्या बापाचे हात कोपरापर्यंत निळे असतात आणि ते धुतल्याशिवाय तो पोराला उचलत नाही.

सर हसू ओसरू देऊन सांगत राहिले. झाडांजवळ लाल आणि जांभळ्यासाठी बहुतेक एकच रंग असतो. रस आंबट असला की तो लाल दिसतो, आंबटपणा कमी झाला की जांभळा, आणि पार गेला तरच निळा व्हायला लागतो. फळं तर आतून आंबटच. शिवाय खरा निळा टिकवायचा तर झाडाला वेगळा खटाटोप करावा लागतो, तो फार थोडी झाडं करतात. "निळ्याला आंबट सोसत नाही," सर म्हणाले. "पण एक आहे. आपल्या स्वयंपाकाच्या शेडवर गोकर्णीचा वेल आहे ना, त्या फुलाचं पाणी करून बघा. पिताही येतं."

बाकीच्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत ते विसरून टाकलं. मी तशीच्या तशी शेडकडे पळाले.

शेडमध्ये बायाक्का असायच्या. पोषण आहाराचा भात शिजवायला आठ वर्षांपासून त्याच. पन्नाशीच्या, नवरा वारलेला, एकच मुलगी, ती लग्न होऊन मिरजेला. लग्नसराईत गावात पुरणपोळ्यांना त्यांनाच बोलावणं असायचं. रोज भात झाला की आमची रांग थांबवून सगळ्यांसमोर पहिला घास त्या स्वतः खायच्या. नियम म्हणून खायचाच असतो, पण त्या वर म्हणायच्या, "आधी माझ्या पोटात, मग तुमच्या." आम्हाला ते पाठ होतं, आम्ही त्यांच्या आधीच ओरडायचो.

मी त्यांना वाटीत फुलं कुस्करून दाखवली. पाणी असं निळं झालं की आम्ही दोघी वाटीवर वाकून बघतच राहिलो. मग लिंबाचे चार थेंब टाकले, तर ते जांभळं होऊन गुलाबीकडे झुकलं. बायाक्का तोंडावर पदर धरून हसल्या. म्हणाल्या, "अगं बया, हे तर लाजलं."

तिथंच माझ्या डोक्यात आलं, शनिवारी सगळ्या शाळेला निळा भात. चार दिवस आम्ही दोघींनी फुलं वेचली, हिरवे देठ काढून सुपात वाळवली. शनिवारची सकाळची शाळा, मी तासभर आधी जाऊन शेडमध्ये उभी. पातेल्यातलं पाणी निळंशार झालं, तांदूळ पडला. सवयीनं बायाक्कांनी भात मोकळा व्हावा म्हणून लिंबू हातात घेतलं, तर मी त्यांचं मनगटच धरलं. त्या लिंबू खाली ठेवून म्हणाल्या, "सरास्नी सांगितलंयस नव्हं?"

मी हो म्हणाले.

सांगितलं नव्हतं. सर गुरुवारपासून प्रशिक्षणाला सांगलीला गेले होते. आणि खरं सांगायचं तर मला कुणालाच सांगायचं नव्हतं, प्राजूला नाही, रिहानाला नाही. झाकण उघडेल, सगळी पोरं आ करतील आणि मग मी पुढे होऊन सांगेन की हे का आणि कसं, असं सगळं मी मनात घोळवून ठेवलं होतं. काय बोलायचं ते वहीत लिहूनही काढलं होतं.

आणि पोरांनी खरंच आ केला. बायाक्कांनी पहिला घास खाल्ला, मग रांग सुटली. मटकीची उसळ आणि निळा भात. कुणी बोटं चाटतंय, कुणी जीभ काढून दाखवतंय. मी माझी वही उघडून बोलायला उभीच राहणार होते, तेवढ्यात दुसरीतली परी उठली आणि पळत घरी गेली. तिचं घर शाळेच्या भिंतीला लागून. आईला आपले निळे हात दाखवायचे होते तिला.

परीचे वडील सकाळपासून बागेत मोरचूद फवारत होते. आईनं पोरीचे हात बघितले, जीभ बघितली. शाळेत भात खाल्ला एवढं ऐकल्यावर तिनं पुढचं काही ऐकलं नाही. मिठाचं पाणी पाजून घशात बोटं घातली. पोरगी निळं ओकली. त्या बाईची किंकाळी आम्हाला शाळेत ऐकू आली.

पुढच्या दहा मिनिटांत शाळेच्या अंगणात निम्मं गाव होतं. ज्याला जे पोर हाताला लागेल त्याला तो ओकायला लावत होता. लहान पोरं भीतीनं रडत होती, रडून ओकत होती आणि ती ओकतात म्हणून बाकीचे आणखी घाबरत होते. दोन जीपमध्ये पोरं भरून तालुक्याच्या दवाखान्यात निघाली. पप्पा बागेतून तसेच आले, हात कोपरापर्यंत निळे. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे लोक त्यांच्याभोवती जमले आणि सगळ्यांच्या मधोमध बायाक्का.

त्या सांगत होत्या की फुलं आहेत, गोकर्णीची. कुणीतरी विचारलं, फुलं घालून भात कोण करतं? दुसरा म्हणाला, मोरचुदाच्या पोत्यातला हात न धुता तांदळात घातला असणार. बायाक्कांनी वाद घातला नाही. ताट घेतलं, त्यात डोंगर होईल एवढा भात वाढला आणि जमिनीवर बसून खायला लागल्या. लोक बघत होते. एकेक घास मोठा, पाणी न पिता. अर्धं ताट झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी बाजूला ठेवलेलं लिंबू चिरलं आणि उरलेल्या भातावर पिळलं.

"हे बघा, फुलाचं हाय. लिंबू पडलं की बदलतंय."

भात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जांभळा झाला.

गर्दी एकदम मागं सरली. परीची आजी म्हणाली, "रंग बदलतोय. औषधच हाय हे." आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात.

बायाक्कांनी मान वर करून मला शोधलं. मी पाण्याच्या टाकीजवळ प्राजूच्या मागं उभी होते, वही हातात. त्यांना मी दिसले. त्या दोन श्वास थांबल्या. मला सगळं पाठ होतं, का बदलतो, कसा बदलतो, आंबट म्हणजे काय. तोंड उघडायचं एवढंच होतं.

मी उघडलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि तो जांभळा भातही संपवला.

दवाखान्यातून दुपारीच सगळी पोरं परत आली. डॉक्टर म्हणाले, कुणालाही काही झालेलं नाही. पण भाताचा नमुना तपासायला गेला होता आणि रिपोर्ट येईपर्यंत गावानं आपलं ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. आई पाटावर बसून रडायला लागली. पप्पा मोरीत हात धूत होते, बराच वेळ धूत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं की आणखी कुणाला माहीत आहे. मी म्हणाले, कुणाला नाही. ते म्हणाले, "तू कुठं बोलायचं नाहीस. मी बघतो." आणि गाडी काढून बाहेर गेले. तासाभरानं परत आले, जेवले, झोपले.

मी बघतो म्हणजे पप्पा बायाक्कांना सोडवतील असं मला वाटलं. खरं तर तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मी त्या रात्री गाढ झोपले, हे मला अजून माफ करता येत नाही.

सोमवारी समितीची बैठक झाली. बायाक्कांनी सांगितलं की कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्याच मनानं केलं. त्यांना कामावरून कमी केलं. चौगुले सर परत आल्यावर समितीला खूप समजावत होते म्हणे, पण रिपोर्ट येऊ दे, एवढंच उत्तर त्यांना मिळालं. सरांनी वर्गातही विचारलं, बायाक्कांना ही कल्पना कुणी दिली? मी बाकावरच्या रेघा मोजत बसले. सरांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे वळले. त्यानंतर वर्गात मी कितीही प्रश्न विचारले तरी सरांनी माझ्यासाठी खडू खाली ठेवला नाही.

आठवड्याभरात शेडवर दुसरी बाई आली. तीही गरजूच. भात पांढरा.

संक्रांत झाल्यावर एक दिवस जेवताना पप्पा सहज म्हणाले, "त्या भाताचा रिपोर्ट आलाय. काही निघालं नाही." आईनं विचारलं की मग बायाक्कांना परत घेणार का. पप्पा म्हणाले, जागा भरलीय, आता झाकलेलं उघडत बसायला नको. कागद कपाटाच्या खणात गेला.

चार दिवस मी तो खण बंद आहे हे बघत होते. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर बायाक्कांकडे गेले.

त्यांच्या दारापुढे बुटकी भिंत आहे. तिच्यावर तिळाचे लाडू ठेवलेले होते, सात-आठ, अंतरा-अंतरानं, काहींना मुंग्या लागलेल्या. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. संक्रांतीला गल्लीतली पोरं तिळगूळ घ्यायला आली होती. त्यांनी तो घेतला होता आणि बाहेर पडता पडता भिंतीवर ठेवून दिला होता. आयांनी सांगून पाठवलं असणार. नंतर कुणी तो उचललाही नव्हता, बायाक्कांनीसुद्धा.

त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. एका माणसाला लागतील एवढेच तांदूळ. मला बघून म्हणाल्या, "ये की. पप्पानं धाडलं व्हय?"

मी नाही म्हणाले. बसले. त्यांनी शाळेतलं विचारलं, प्राजूचं विचारलं, परी बरी आहे का विचारलं. लग्नाच्या पुरणपोळ्यांना कुणी बोलावतं का, असं मी विचारलं तर त्या सुपातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "शाळंचं काम गेलं त्याचं काय न्हाई गं. माझ्या हातचं कुणी खाईना झालंय. पाहुणा आला तरी पाणी पिऊन जातोय. च्याला नको म्हणतोय."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बायाक्का, रिपोर्ट आलाय. भातात काही नव्हतं."

"मला ठावं हाय. मी ताटभर खाल्ला की."

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. सांगावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

"तुझा बाप आलता. त्याच सांजला. हितं दारात हात जोडून हुबा ऱ्हायला. म्हणला, पोरीला अजून शिकायचंय, गावात ऱ्हायचंय, तिचं नाव नको. रिपोर्ट येईस्तोवर तेवढं सोसा. रिपोर्ट आला की मी सवता चावडीवर वाचून दावतो, तुमास्नी मानानं परत आणतो." त्या जरा थांबल्या. "अध्यक्ष माणूस हात जोडतोय म्हणल्यावर मी काय म्हणणार? आन् तू लेकरू."

मी सुपातला एक तांदूळ उचलून बोटांत फिरवत राहिले.

"कवा आला म्हणलीस रिपोर्ट?"

"झाले चार-पाच दिवस."

बायाक्कांनी मान हलवली. मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "येतील मग. द्राक्षं उतराय आल्यात. कामात असतील."

मला रडू फुटलं. मी सांगून टाकलं की सरांना मी विचारलंच नव्हतं, खोटं बोलले होते. तर त्या म्हणाल्या, "ते तवाच कळलं मला. सर आधी मला इचारल्याबिगर काय ठरवत न्हाईत."

"मग केलात कशाला?"

"मलाबी बघायचा हुता की गं निळा भात."

निघताना त्यांनी डबा उघडला आणि थांबल्या. एक लाडू हातात घेतला, पण पुढे केला नाही. मी आपणहून हात पुढे केला, लाडू घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, शेवटचा घास गिळेपर्यंत.

घरी आले तेव्हा पप्पा व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. आई भाकरी थापत होती. मी फोन संपायची वाट बघितली. मग दप्तर खाली न ठेवताच विचारलं की रिपोर्ट आल्यावर चावडीवर वाचून दाखवतो असं तुम्ही बायाक्कांना म्हणाला होता का.

आईचे हात पिठात थांबले. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं.

पप्पा आधी चिडले. कोण म्हणालं, तू तिकडं का गेलीस. मग त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, वैभवी, तुला कळत नाही. आता वाचून दाखवलं तर लोक विचारणार, मग बाईला काढलं कशाला? आणि बाईला हे सुचवलं कुणी? गाव तुझ्यावर येईल. तुझ्यासाठीच केलं मी सगळं.

ते खोटं बोलत नव्हते. माझ्यासाठीच केलं होतं. तेच सगळ्यात जड होतं. मला त्यांची दया आली, आणि भिंतीवरचे ते लाडूही डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"पप्पा, परवा सव्वीस जानेवारी आहे," मी म्हणाले. "झेंडावंदनानंतर माझं भाषण आहे, सगळं गाव असणार. मी लिहिलेलं भाषण म्हणणार नाही. आधी सांगणार की भात निळा करायला मी सांगितलं आणि खोटंही मीच बोलले. मग रिपोर्ट वाचणार. तो मला खणातून काढून द्या, नाहीतर मी न वाचता तोंडी सांगीन. आणि तुम्ही बायाक्कांच्या दारात गेला होता, तेही सांगणार. तुम्ही अध्यक्ष म्हणून पुढच्या खुर्चीवरच असाल. तुम्हाला माझ्या आधी उठून ते स्वतः सांगायचं असेल, तर मी थांबेन. आई, तू बायाक्कांना घेऊन ये. त्या नको म्हणतील, तरी घेऊन ये."